इस्तारी कोतवालाचा शाईचा पॅड

मी एक जुना शाईचा पॅड आहे. पत्र्याची चपटी डबी, आत मऊ गादी, तिच्यावर जांभळं कापड. मित्रांनो, तुम्ही सही करता, म्हणून आपली ओळख नसेल.

इस्तारी कोतवालानं मला चामोर्शीच्या दुकानातून आणलं. त्याचं गाव तळ्यातल्या मासोळीवर जगणारं. तो सरकारी निरोप पोचवायचा, त्याच्या पिशवीतून मी घरोघर हिंडलो. मजुरी, रेशन, निराधारांचं मानधन, सगळीकडे माझी शाई लागे. अंगठा उठवला की बायका तो केसांना पुसत. "भाऊचा पॅड कधी सुकत नाई," म्हणत. मला अभिमान वाटे. पुढे बोटं ओळखणारं यंत्र आलं आणि मी फळीवर गेलो. पण जाळी ओढून झिजलेले अंगठे यंत्राला ओळखेनात. मला पुन्हा खाली काढलं.

मग लोखंडाचा कारखाना येणार असं कळलं. मोठी गुंतवणूक, रुंद रस्ता, पोरांना नोकऱ्या. त्यासाठी तळ्याची जागा हवी होती. कंपनीचे साहेब ग्रामसभेत माहिती द्यायला आले. "हा हजेरीचा कागद," असं त्यांनी इस्तारीला सांगितलं. तेच त्यानं गावाला सांगितलं. एकशे बारा अंगठे माझ्यावर टेकले. कुणी काही विचारलं नाही. इस्तारी सांगतो ना, मग झालं.

दोन महिन्यांनी तो कागद तळं देण्याच्या संमतीला जोडलेला निघाला.

गावानं इस्तारीला एका शब्दानं दुखवलं नाही. तेच त्याला सोसलं नाही. तो जेवेना, पिशवीला हात लावेना. धान कापणीच्या दिवसांत तो गेला. त्याच्या मुलीनं, पायलनं, मला पिशवीतून काढलं आणि झाकण न उघडता बराच वेळ मांडीवर धरून ठेवलं.

गावानं हरकत घेतली. ग्रामसभा पुन्हा बोलावली गेली. तळं राहणार की जाणार, ते आता तिथे ठरणार होतं. ग्रामसेवकाचा पॅड सुकलेला, म्हणून पायलला माझ्यासकट बोलावलं. टेबलामागे तेच साहेब आणि टेबलावर तसाच कागद पाहून माझी शाई गोठली.

"नाई म्हटलं त कारखाना दुसऱ्या जिल्ह्यात जाईन," पुण्याहून आलेला निकेश म्हणाला. "मंग मी जलमभर पुण्यातच वाचमनकी करू का?"

"अन् तळं गेलं त मी जाळं तुह्या हापिसात टाकू का?" मासोळी धरणारी गिरजा म्हणाली.

लोक हसले. पण दोघांच्याही आवाजात भीतीच होती.

"आधी हजेरी घेऊन टाकू," साहेब म्हणाले.

सवयीनं गिरजाचा अंगठा पुढे आला. पायलनं माझ्या झाकणावर हात ठेवला.

"थांब मावशी. वरचं वाचू दे."

"हजेरीच त आहे. वाचतेस कायले?" ग्रामसेवक म्हणाला.

"मंग वाचाले भेता काऊन?"

तिनं कागद उचलला. "वर त काईच लिहिलं नाई. कोरं आहे." गिरजानं अंगठा मुठीत घेतला. पायलनं पेन काढलं. 'ही फक्त हजेरी आहे, संमती नाही,' असं वर लिहिलं, मोठ्यानं वाचलं आणि मगच माझं झाकण उघडलं.

तळ्याचा निर्णय त्या दिवशी झाला नाही. पुढची तारीख पडली आहे. मी अजून भितो.

मित्रांनो, मला वाचता येत नाही. माझ्यावर टेकणाऱ्या पुष्कळ अंगठ्यांनाही येत नाही. तुम्हाला येतं. तुमच्या शेजारी कुणी अंगठा पुढे केला, तर त्याच्याजवळ उभे राहा आणि वरचं मोठ्यानं वाचा.