रोज एक मग

स्टुलावरून पडायचं निमित्त झालं आणि सासूचं राज्य गेलं. कमरेला पट्टा आला, डॉक्टरने वाकायला बंदी केली आणि मुलाने बसल्या जागी निकाल दिला, "आई, आता झाडं ही बघेल." ही म्हणजे सून.

गॅलरीतल्या सतरा कुंड्या सासूने पोटच्या पोरांसारख्या वाढवल्या होत्या, म्हणजे लाड कमी आणि धाक जास्त. मातीत बोट खुपसायचं. दोन पेरं कोरडी लागली तर पाणी, नाहीतर राहा म्हणावं उपाशी.

सुनेने मोबाइलवर गजर लावला. सकाळी सातला प्रत्येक कुंडीत एक मग.

"अगं, आधी बोट घालून बघ की."

"नखांत माती जाते, आई. आणि रोज पाणी दिलं तर बिघडलं कुठे? तहान सगळ्यांनाच लागते."

"झाड आहे ते, म्हैस नव्हे."

मुलगा बायकोच्या मदतीला धावलाच. "किती मनापासून करते ती! तुझ्या तोंडून एक चांगला शब्द निघेल तर शपथ."

महिन्याभरात नेचा कुजला. वीस वर्षांचा, पाळण्यासारखा लोंबणारा नेचा. सुनेने तो कुंडीसकट कचऱ्यात दिला आणि सासूला कधी सांगितलं, तर जेवताना, भाजी वाढता वाढता. "जुनाट झाला होता, आई. उगाच जागा अडवून बसला होता." सासूने घास गिळला. सुनेचं बोलणं मात्र तिला गिळता आलं नाही.

पुढे दोन महिन्यांनी सुनेची आई वारली. भावाने घर विकलं, वहिनीने भांडीकुंडी उचलली, आणि सुनेच्या वाट्याला एक झाड आलं. वीतभर उंच, जाडजूड गुळगुळीत पानांचं, जेड म्हणतात ते. सबंध प्रवास तिने ते मांडीवर धरून केला आणि आल्या आल्या पलंगाशेजारी ठेवलं. आईचा हात लागलेली तेवढीच वस्तू तिच्याकडे उरली होती.

"तिथे ऊन नाही," सासू दारातून म्हणाली. "मरेल ते. गॅलरीत ठेव."

हे अगदी खरं होतं. सुनेचे डोळे भरून आले. झाड तिने गॅलरीत नेऊन ठेवलं आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा सासूला काही विचारलं, "आई, याला पाणी किती घालू हो?"

पंधरवड्यातून एकदा, तेही वाटीभर. उत्तर सासूच्या ओठांवर आलं होतं. तिने ओठ मिटले, पदर नीट केला.

"तुला का शिकवायला हवं? बाकीच्यांना घालतेस तेवढंच घाल."

आठवडाभर झाड टम्म फुगलं. सून कौतुकाने म्हणाली, "बघा ना, बाळसं धरलंय!"

"धरलंय खरं," सासू म्हणाली आणि चहात बिस्कीट बुडवलं.

मग पानं पिवळी पडली, काचेसारखी पारदर्शक झाली, हात लावताच गळायला लागली. सुनेला वाटलं, तहान भागत नाही. तिने दोन मग घालायला सुरुवात केली. सासू रोज खुर्चीत बसून बघायची. बुंध्याशी काळी कड चढत होती. आज करंगळीएवढी, उद्या अंगठ्याएवढी.

एका सकाळी सुनेने झाड सरळ करायला धरलं, तर बुंधा तिच्या मुठीत आला. खाली मुळं नव्हतीच, नुसता वास होता. ती लहान पोरीसारखी रडली.

मुलगा चपापला. "आई, तू तर दिवसभर इथेच असतेस. तुला दिसलं नाही?"

"मी डॉक्टरचं ऐकते बाबा. न वाकता कुणाला मुळं दिसतात का?"

तो ऑफिसला गेला.

शेंड्याची पाचसहा पानं अजून घट्ट, हिरवीगार होती. असं एक पान कोरड्या मातीवर नुसतं टाकून ठेवलं, तरी तीन आठवड्यांत त्याला मुळं फुटतात. आख्ख्या जिन्यातल्या बायकांना सासूने अशीच झाडं करून दिली होती.

"आई, यातलं काहीच वाचणार नाही का?" सुनेने विचारलं.

सासूने पानं हातात घेतली, उलटीपालटी केली, बोटांनी दाबून पाहिली. चांगली रसरशीत होती.

"नाही गं," ती म्हणाली. "गेलं ते."

सून केर भरायला लागली. मध्येच थांबून तिने त्यातलं एक पान उचललं, पुसलं. "हे एवढं ठेवते. आठवण म्हणून."

"ठेव ना. पण असंच ठेवलंस तर सडेल. जाडजूड पुस्तकात घाल आणि वर इस्त्री ठेव. गरम करून ठेव, म्हणजे रस सगळा निघेल आणि पान छान चपटं राहील."

"तुम्हाला किती माहीत असतं हो, आई," नाक ओढत सून म्हणाली आणि इस्त्री लावायला उठली.