आठ व्हॉल्व, आठ ठिपके

अण्णांनी चाळीस वर्षं वजनमापं तपासायची नोकरी केली. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून पोखरलेलं वजन, दोन बोटं आखूड केलेली मोजपट्टी, त्यांच्या नजरेतून काही म्हणून सुटलं नाही. निवृत्तीनंतर नोकरी गेली, पण नजर तशीच राहिली. न्हाव्याने दोन्ही कल्ले सारखे ठेवलेत की नाही, हेसुद्धा ते घरी येऊन पट्टी लावून बघत.

अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीने गॅरेजवाल्याशी लग्न केलं. "हे लोक चांगला पार्ट काढून घेतात आणि जुनाट घालतात," असं अण्णा लग्नाच्या दिवशीच चारचौघांत बोलून गेले. त्यानंतर तीन वर्षं बापलेकीत अवाक्षर नाही. यंदा अण्णांची जुनी गाडी चढावर धापा टाकायला लागल्याचं कुणाकडून तरी लेकीच्या कानावर गेलं आणि तिने फोन केला.

"गाडी इकडेच आणा. पण काम संपेपर्यंत ह्यांच्यावर एका शब्दानेही संशय घ्यायचा नाही. जमलं तर वर जेवायला या. नाही जमलं तर हा जिना कधीच चढू नका."

तिचं घर गॅरेजच्या वरच होतं. अण्णांना तो जिना चढायचा होता. लेकीसाठी त्यांचा जीव तुटत होता. कबूल मात्र त्यांनी कुणापाशी केलं नव्हतं.

पहिल्या दिवशी जावयाने इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवलं. आत सगळीकडे काळा, खडबडीत थर बसलेला.

"कार्बन आहे, अण्णा. गाडी जवळच्या जवळच फिरवता ना? इंजिन पुरतं तापत नाही, मग पेट्रोल अर्धवट जळतं आणि असं साचत जातं."

गाडी खरोखरच घर ते बाजार एवढीच फिरत होती. पण याला कुणी सांगितलं? अण्णांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ते फक्त "असेल" म्हणाले.

जावयाने पुठ्ठ्याला आठ भोकं पाडली, त्यांवर आकडे लिहिले आणि कार्बनने माखलेले आठही व्हॉल्व ओळीने खोचून ठेवले, म्हणजे ज्याची जागा त्यालाच मिळेल. अण्णांना हे भलतंच नेटकं वाटलं. माणूस एवढा नेटका वागायला लागला की हमखास कुठेतरी पाणी मुरत असतं, असं त्यांचं मत होतं. जावई फोन घ्यायला बाहेर गेला, तशी त्यांनी खिशातून लाल नेलपॉलिशची बाटली काढली. आदल्या दिवशी विकत घेताना दुकानदाराने "कुणासाठी, आजोबा?" असं विचारल्यावर त्यांनी "ऑफिसच्या कामासाठी" असं ठणकावलं होतं. प्रत्येक व्हॉल्वच्या दांडीच्या टोकाला त्यांनी एकेक ठिपका दिला. आता बदला म्हणावं!

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले तेव्हा जावई हेडमधला थर लाकडी पट्टीने खरवडत होता. धातूवर ओरखडा उठू नये म्हणून लाकूड, असं त्याने न विचारताच सांगितलं. व्हॉल्व धुऊनपुसून पुठ्ठ्यात लख्ख उभे होते. अण्णांनी चष्मा लावला आणि वाकून बघितलं. ठिपके होते. आठच्या आठ. पण गुलाबी.

अण्णांचं डोकं सणकलं. कमी वजन एकवेळ परवडलं, पण त्यावरचा खोटा शिक्का? नोकरीत यापेक्षा मोठा गुन्हा त्यांनी पाहिला नव्हता.

"चोर!" ते ओरडले. "माझे ठिपके लाल होते! व्हॉल्व बदललेत आणि वर नकली खूण केलीत!"

ब्रेकच्या कामासाठी आलेला टॅक्सीवाला वळून बघायला लागला. जावयाने पट्टी खाली ठेवली. त्याचे कान लाल झाले होते, पण आवाज चढला नाही.

"व्हॉल्व तुमचेच आहेत, अण्णा. रात्रभर औषधात भिजत होते. त्याने कार्बन सुटतो. तुमचा रंगही सुटला."

त्याने एक व्हॉल्व उचलला, टोक डब्यातल्या औषधात बुडवलं आणि फडक्याने चोळलं. गुलाबी ठिपका फडक्यावर आला.

"मग हे कशाला लावलेत?"

"सकाळी एका टोकाला जरासा लाल रंग राहिलेला दिसला, तेव्हा लक्षात आलं. ठिपके नाहीत म्हटल्यावर तुम्ही बोलणार. तुम्ही बोललात की ती तुम्हाला वर येऊ देणार नाही. म्हणून तिची बाटली आणून लावले. घरात हाच रंग होता."

अण्णांना कुठे बघावं कळेना. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि लेक मधल्या पायरीवर येऊन थांबली.

"काय झालं? कसला आरडाओरडा?"

"काही नाही गं," जावई पटकन म्हणाला. "अण्णा म्हणत होते, व्हॉल्व झकास निघालेत."

टॅक्सीवाला आपल्या टायरकडे बघायला लागला. अण्णांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. आयुष्यभर त्यांनी खोटं बोलणारे पाहिले, ते सगळे स्वतःची कातडी वाचवायला बोलत. हा त्यांच्यासाठी बोलत होता. अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खोटं बोलतायत ते," अण्णा म्हणाले. "मी त्यांना चोर म्हणालो. सगळ्यांसमोर. त्यांची काही चूक नव्हती. तुझी अट मी मोडली, बाळ."

आणि ते पिशवी उचलून दाराकडे निघाले.

"मी ऐकलंय सगळं. वरची खिडकी उघडीच होती," लेक म्हणाली.

अण्णा थांबले. "मग विचारलंस कशाला?"

"हे तुम्हाला सांभाळून घेणार, ते मला माहीत होतं, अण्णा. तुमचं माहीत नव्हतं."

तिने पदराने डोळे पुसले. जिना अरुंद होता. अण्णांना वर जाता यावं म्हणून ती भिंतीला लागून उभी राहिली.