बाकड्याला पाणी

मित्रांनो, मी एक बाक आहे. गावातली माणसं मला बाकडं म्हणतात. जुना म्हणावं की नवा, हे मात्र माझं मलाच ठरवता येत नाही. शिनोलीजवळ घोड नदीच्या घाटावर मला बसवलं ते अलीकडेच. पण ज्यांचा मिळून मी झालो, ते सगळे आधी कुठे ना कुठे जगून आलेले होते. कोणी दुधाची पिशवी होतं, कोणी टोमॅटोचं कॅरेट, कोणी ठिबकची नळी, कोणी बाळाची दुधाची बाटली. त्यामुळे मी 'मी' म्हणतो, तेव्हा आत पुष्कळजण एकदम मान वर करतात. तुम्ही घाबरू नका. मलाही आता सवय झाली आहे.

गावातल्या बायकांचा एक बचत गट आहे. दर द्वादशीला, एकादशीचा उपास सोडला की या बायका पोती घेऊन दारोदार प्लॅस्टिक मागत फिरतात. पुढे असते मंगल. जमलेला माल गावाबाहेरच्या शेडमध्ये जातो. तिथलं मशीन चालवतो धम्मपाल. हा खोडदचा, आकाशाचा वेध घेणाऱ्या मोठमोठ्या अँटेनांच्या गावचा. हाताचा हुशार आणि तोंडाचा मिस्कील.

त्यानेच आम्हाला धुतलं, उन्हात वाळवलं, कटरमध्ये घातलं. तुकडे झाल्यावरही ज्याचं त्याला आपलं घर आठवत होतं. मग मशीनची धग लागली. सगळे एकमेकांत विरघळले, आणि कोणती आठवण कोणाची, हेच कळेनासं झालं. शेतातल्या ओल्या मातीचा वास कोणाचा? दुधाच्या बाटलीला धरलेला तो एवढासा हात कोणाचा? कोणालाच सांगता येईना.

एकजण मात्र विरघळला नाही.

तो होता तेलाचा हिरवा डबा, वरून कापलेला. मंगलच्या सासूने, सारजाबाईने, त्यात तुळस लावली होती. वर्षानुवर्षं अंघोळ झाली की ती पहिला तांब्या त्या डब्यात ओतायची. सारजाबाईला कीर्तनाचं भारी वेड. घोडेगावला सप्ताह बसला की ती तिकडेच मुक्कामाला. अशीच ती सप्ताहाला गेली असताना मंगलने अंगणात फरशीचं नवं तुळशीवृंदावन बांधून घेतलं. सासूबाई परत येऊन बघतील आणि हरखतील, असं तिच्या मनात होतं. तिने तुळस वृंदावनात लावली आणि तडा गेलेला रिकामा डबा द्वादशीच्या पोत्यात टाकला. तुळशीने नव्या जागी जीव धरला नाही. आठवड्याभरात वाळून काडी झाली.

सारजाबाई रागावली नाही. एवढंच म्हणाली, "असूं दे पोरी. आता डबा कुटं हाय माजा?"

डबा माझ्यात होता. धम्मपालने साचा उघडला तेव्हा मी सगळा काळाभोर निघालो, फक्त उजव्या टोकाला तळहाताएवढा हिरवा डाग. "वहिनी, हे बघा," तो मंगलला म्हणाला, "समदं मिसळलं, ह्यो गडी काय मिसळंना." डागाच्या आत तुळशीचं एक बी अडकलं होतं. ते त्याला दिसलं नाही. मला मात्र ते दातात अडकलेल्या कणासारखं सारखं जाणवत होतं.

मित्रांनो, आमच्या घाटावर दहाव्याचे विधी होतात. त्यामुळे माझ्या नशिबी प्रवचनं पुष्कळ आली. कीर्तनाला टाळ-मृदंगाची साथ असते. दहाव्याचं प्रवचन म्हणजे नुसता शब्द आणि नदीचा आवाज. ऐकून ऐकून माझाही कान तयार झाला. माणसं यायची, माझ्यावर टेकायची, गुडघे चोळत म्हणायची, "लई झ्याक काम केलं बायांनी." मी सुखावायचो.

आणि मंगलने डाग दाखवल्यापासून रोज सकाळी सारजाबाई यायची. हिरव्या टोकाशी बसायची आणि तांब्याभर पाणी सावकाश त्या डागावर ओतायची.

"अगं सारजे," शेजारची बायडाबाई एकदा फिदीफिदी हसली, "बाकड्याला पालवी फुटायची वाट बघती का काय?"

"फुटंल न्हाई तर न्हाई. तहान तर लागती त्याला."

"प्लॅस्टिकला?"

"हात लाव की मग."

बायडाबाईने हात लावला आणि झटकन मागे घेतला. कोंबडी नुकतीच उठून गेल्यावर अंड्याला असते ना, तशी ऊब होती तिथे. त्यानंतर बायडाबाई त्या टोकाला कधी बसली नाही.

माघात सारजाबाई वारली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या वेळेला घाटावर कोणी आलं नाही. तेव्हा त्या डागाला आतून पाणी फुटलं. दव नव्हतं, पाऊस नव्हता, बाकी सगळा मी कोरडा ठणठणीत. एकेक थेंब फुगायचा आणि खाली गळायचा. घाट झाडणारा गोकुळ, कुत्र्याचंच काम समजून, त्याला शिव्या देत आला, फडक्याने पुसून गेला. वळून बघतो तर पुन्हा ओलं. त्याने फडकं नाकाशी नेलं. तुळशीचा वास! ते फडकं तिथेच टाकून तो जो गेला, तो माझ्या बाजूला झाडायचाच बंद झाला.

मग दहावा आला. रामनाथ महाराजांचं प्रवचन झालं. सारजाबाईचा मुलगा, मंगलचा नवरा जयवंत याने पिंड मांडला, शेजारी आईच्या आवडीचा गुळाचा सांजा ठेवला आणि सगळे मागे सरले. उंबरावर कावळेच कावळे, पण एक ओरडेना. शेवटी एक खाली उतरला. सगळ्यांनी हात जोडले. तो पिंडाच्या बाजूने तसाच पुढे गेला आणि माझ्या हिरव्या टोकावर येऊन बसला.

"आई, बहिणीला अंतर देणार न्हाई," जयवंत म्हणाला. कावळा ढिम्म.

"तुजी तुळशीची माळ काढून ठिवली हाये, ती मी घालीन गळ्यात." कावळा हलेना.

"जयवंतराव, ऊन चढलं," गुरुजी हळूच म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू का?"

जयवंतचा चेहरा पडला. जन्मभर हरिनाम ऐकलेल्या आईला गवताच्या कावळ्याने वाटेला लावायचं? तिचं काय राहिलं, हे पोटच्या पोराला कळू नये? गुरुजींनी दर्भाची काडी वळायला घेतली.

तेवढ्यात कावळ्याने माझ्या डागावर चोच मारली. टक.

आणि मित्रांनो, माझ्या आतून उत्तर आलं. टक.

धम्मपालच्या घरात हे विधी मानत नाहीत. पण सारजाआजी शेडवर त्याला भाकरी आणून द्यायची, म्हणून तो मागे उभा होता. तो पुढे आला, गुडघ्यावर बसला आणि माझ्या फळीला कान लावला. कावळा उडाला नाही.

"काय ऐकतो रं?" बायडाबाईने विचारलं.

"मावशी, आमच्या गावच्या अँटेनांना पार ताऱ्यांचं ऐकू येतं. मला हातभरावरचं..." तो हसायला गेला, पण हसू ओठातच राहिलं. "वहिनी, आत कायतरी वाजतंय. जित्तं हाय."

मंगलने डागाकडे बघितलं. सारजाबाई गेल्यापासून दुःखाच्या घरात कोणाला तांब्या आठवणार? आज तर तिथलं पाणीही आटलं होतं. ती धावत नदीत उतरली, तांब्या बुडवला आणि काठावरूनच रडत आली. "आत्या," पाणी ओतत ती सासूला उद्देशून म्हणाली, "तुळस माज्या हातून गेली. पर ह्याला मी रोज घालीन. बाकडं ऱ्हाईल तंवर घालीन."

रामनाथ महाराजांनी हळू आवाजात नाम धरलं. माणसांनी टाळीचा ठेका दिला. कावळ्याने ओघळातला एक थेंब चोचीत घेतला, पंख उघडले आणि थेट पिंडाला शिवला. जयवंत लेकरासारखा रडला. माझ्या आतली टकटक थांबली.

आता रोज सकाळी मंगल येते. डागाला पालवी फुटलेली नाही आणि फुटणारही नाही. आतलं बी उगवत नाही आणि मरतही नाही. त्याला फक्त तहान लागते. 'बाकडं ऱ्हाईल तंवर' असं मंगल बोलून गेली. पण मी कुजत नाही, हे तिला माहीत आहे. तिच्यानंतर कोण, तिच्या नातवंडांनंतर कोण, असा विचार येतो आणि भर उन्हात माझी फळी गार पडते.

आणि हल्ली दुसऱ्या टोकाकडूनही येतो तो टकटक आवाज. बहुधा ती एवढ्याशा हातातली दुधाची बाटली असावी.

मित्रांनो, मला बनवणाऱ्या बायांना उदंड आयुष्य लाभो. त्यांनी आम्हाला उकिरड्यावरून उचललं. पण तुम्ही एक करा. गरजेपुरतंच घ्या, घेतलं ते जपून वापरा, आणि कोणतीही वस्तू पोत्यात टाकण्याआधी तिच्यावर क्षणभर हात ठेवा. गार लागली, तर खुशाल द्या. ऊब लागली, तर घरातल्या कोणाचं तरी त्यात अजून काही राहिलं आहे. आधी त्यांना विचारा.