नेमाची मदत

धाकट्यानं दादाला जिन्यावर गाठलं, पोटात दोन गोळ्या घातल्या आणि तो वाकताच तिसरी थेट डोक्यात. टीव्हीच्या डाव्या अर्ध्या भागात दादाचा शिपाई पायऱ्यांवरून गडगडत गेला. भिंतीभर रक्त उडालं.

"एकवीस," धाकटा म्हणाला.

"काय नेम आहे रे तुझा," दादा म्हणाला आणि हातातलं पॅड सावरून पुन्हा मरायला उभा राहिला.

रविवारची दुपार होती. दोघं सख्खे भाऊ जमिनीवर मांडी घालून एकमेकांचे मुडदे पाडत होते. दादाकडे गेमच्या कन्सोलबरोबर आलेलं पॅड होतं, धाकट्यापुढे उपड्या ट्रेवर माऊस आणि कीबोर्ड. पॅडवर नेम धरायला उजवा अंगठा लागतो. धाकट्याचा तो दीड वर्षापूर्वी कारखान्यातल्या पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेला होता.

दोन हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय ती प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात आत राहायलाच नको. पण एका बटणात लाकडाची पाचर ठोकली की एक हात मोकळा होतो आणि काम भराभर उरकतं. सगळेच करायचे. त्या दिवशीची पाचर दादाची होती. पाळी संपल्यावर ती काढायला तो विसरला, आणि पुढच्या पाळीला आलेल्या धाकट्याला सांगायलाही. धाकट्यानं वाकडा पत्रा सरळ करायला उजवा हात आत घातला, आणि डावा सवयीनं बटणावर पडला.

तेव्हापासून दादा त्याला तळहाताच्या फोडासारखा जपत होता. आवाज चढवणं सोडाच, बुटांच्या नाड्यासुद्धा बांधून द्यायचा. पाचरीचं नाव मात्र दोघांनीही कधी काढलं नाही. माऊस आणि कीबोर्ड दादानंच आणले होते, आणि ते ज्यातून कन्सोलला जोडायचे ती काळी डबीही. "ती काढू नकोस, तिच्याशिवाय चालत नाही," असं त्यानं दहादा बजावलं होतं. उद्यापासून धाकटा पुन्हा कामावर जाणार होता, तेही सुटे भाग तपासायच्या बारीक कामावर. हो म्हणायची हिंमत त्याला या खेळातल्या नेमानंच दिली होती.

"अहो, या बरणीचं झाकण उघडून द्या जरा," वहिनीनं आतून हाक मारली. दादा उठला.

तेवढ्यात डबीवरचा दिवा विझला. धाकट्यानं ती हलवली, ठोकली, शेवटी काढून ठेवली आणि दोन्ही वायरी सरळ कन्सोलमध्ये खुपसल्या. सगळं चालू झालं. पडद्यावर अक्षरं आली: माऊस आणि कीबोर्ड जोडले आहेत. नेमाची मदत बंद.

पॅडवाल्यांना गेम हळूच मदत करतो, बंदूक आपोआप शत्रूकडे ओढून नेतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे माऊसला पॅड म्हणून खपवायचं काम ती डबी करत होती. दादाचा शिपाई दहा पावलांवर नुसता उभा होता. धाकट्यानं गोळी झाडली. भिंतीत. पुन्हा झाडली. पुन्हा भिंतीत.

दादा परत आला आणि जमिनीवरची डबी बघून दारातच थांबला.

"केव्हापासून?" धाकट्यानं विचारलं.

"पहिल्यापासून. तुला जरा बरं वाटावं म्हणून."

"आणि जिन्यावर उभा राहून मरत होतास, ते?"

धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं उठून डाव्या मुठीनं दादाच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला. दुसरा नाकावर बसला. रक्त हनुवटीवरून शर्टावर उतरलं, तरी दादाचे हात खालीच.

"मार की. तुझे तर दोन्ही शाबूत आहेत."

दादानं मारलं. कानाखाली असा आवाज काढला की धाकटा कपाटावर जाऊन आदळला. उठला, अंगावर धावला, आणि मग कोपर कुठलं, गुडघा कुठला, काही कळेनासं झालं. दादा त्याच्या छातीवर बसून हाणत होता, आणि धाकटा त्याच्या मनगटाला चावला होता.

"मारामारी करायची तर कपाट सोडून करा, काच आहे त्याला," वहिनी दारातून म्हणाली. मग रक्त दिसलं तशी तिनं मुकाट्यानं ओला टॉवेल आणून दोघांच्या मध्ये टाकला.

धाकट्याचा डोळा सुजला होता. दीड वर्षात इतकं बरं त्याला वाटलं नव्हतं. तो ट्रेपुढे जाऊन बसला.

"ये. डबीशिवाय. आणि खरं खेळ."

दादा खरं खेळला. दारामागून, खिडकीतून, पाठीत सुरा खुपसून त्यानं धाकट्याला टिपलं. आठव्या मरणाआधी धाकट्याची एक गोळी त्याच्या खांद्याला चाटून गेली, तेवढीच. नवव्या मरणानंतर दादानं पॅड खाली ठेवलं.

"पाचर काढायला विसरलो रे मी."

"माहीत आहे," धाकटा म्हणाला. "पॅड उचल."

दादानं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं, पॅड उचललं आणि त्याला दहाव्यांदा ठार केलं.