दोघांचा डबा

गणपतरावांनी तुळसाबाईच्या हातची जवसाची चटणी पहिल्यांदा खाल्ली, त्या दिवशी तुळसाबाईच्या हातून विड्या काही वळल्या गेल्या नाहीत. सूप मांडीवर, पानं भिजवलेली, तंबाखू समोर, आणि बाई आपली भिंतीकडे बघून हसते आहे. शेजारची कौशल्या तिच्यासोबतच विड्या वळायला बसायची. तिनं शेवटी विचारलंच, "काहून हसून राहिली वं? भूत दिसलं का?"

"नागसेनचा मालक माह्या डब्यातलं जेवला," तुळसाबाई म्हणाली. "माह्या पोराच्या मांडीले मांडी लावून. एकाच डब्यात हात घालून."

"मंग? भूक लागली असंन त्याले."

कौशल्याचं हे असंच. दुधात मिठाचा खडा टाकावा तर तिनंच.

नागसेन मॅट्रिक होऊन दोन वर्षं इंदोरा वस्तीतल्या आपल्या एका खोलीत बसून होता. बाप आधीच गेलेला. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव टाकलं होतं, पण तिथं नाव न टाकलेला पोरगा वस्तीत शोधून सापडला नसता. मग सरकारनं बेकार पोरांसाठी एक योजना काढली. पोरानं वर्षभर एखाद्या कारखान्यात काम शिकायचं, त्याचा स्टायपेंड सरकार देणार. मालकानं फक्त शिकवायचं आणि पोरगा तयार झाला की त्यालाच कामावर ठेवून घ्यायचं. हे शेवटचं ठेवून घ्यायचं मालकाला कुणी बजावलेलं नव्हतं. ते पोरांनी आणि त्यांच्या आयांनी आपापल्या मनाशी धरलं होतं. नागसेनच्या वाट्याला आला कामठी रोडवरचा गणपतरावांचा कूलरचा कारखाना. कारखाना म्हणजे टिनाची शेड आणि पुढं एक कडुनिंब. बुद्ध जयंती झाली तसा नागसेन तिथं पत्रा कापायला आणि कूलरच्या मोटारीत तांब्याची तार भरायला शिकू लागला.

दुसऱ्याच आठवड्यात ते जेवण झालं. गणपतराव डब्यातली भाकर मोडत म्हणाले होते, "मी मालक-नोकर काही मानत नाही गा. एका डब्यात जेवलो, आता तू माह्या घरचा."

हे वाक्य नागसेननं घरी येऊन सांगितलं आणि तुळसाबाईनं ते पदरात बांधून ठेवलं. तिला हसणाऱ्यांनी जरा थांबावं. तिचं लहानपण सावनेरकडच्या खेड्यात गेलेलं. मालगुजाराच्या विहिरीशी तिची आई ओंजळ धरून उभी राहायची आणि कुणीतरी वरून पाणी ओतायचं, तेही मनात आलं तर. छप्पन साली पांढरं लुगडं नेसून तिनं दीक्षा घेतली तेव्हा ती नवी नवरी होती. त्या दिवसापासून तिनं कुणापुढं ओंजळ धरली नाही. आपण मागणं सोडायचं, ते तिच्या हातात होतं. पण समोरच्यानं आपल्या हातचं आवडीनं खावं, हे काही आपल्या हातात नसतं. त्याची वाट बघावी लागते. तिनं चोवीस वर्षं बघितली होती.

लगेच तिनं बाजारातून चार पुडांचा डबा आणला. दोघांचा डबा. कधी अंबाडीची भाजी, कधी लाखोळीचं वरण, आणि गणपतरावांना आवडते म्हणून आठवड्यातून एकदा बेसनाची पाटोडी. स्वतः ती कांदा-भाकर खाऊन सूप मांडीवर घ्यायची. कौशल्या म्हणायची, "सरकार पोराले देते, अन् तू मालकाले चारते. उलटाच न्याय झाला."

"खाल्ल्या मिठाले माणूस जागते वं," तुळसाबाई म्हणायची.

"माणूस असला तर."

संक्रांतीच्या सुमारास एक्स्चेंजमधून कॉल आला. वीज मंडळाच्या वर्कशॉपात हेल्पर, पक्की जागा, मंगळवारी मुलाखत. नागसेनच्या पायाला जमीन लागेना. त्यानं एका दिवसाची सुट्टी मागितली, आणि त्याच संध्याकाळी गणपतराव स्वतः इंदोऱ्यात आले. गल्लीत पोरंटोरं गोळा झाली. तुळसाबाईनं खाटेवर धुतलेली सतरंजी टाकली. गणपतराव बसले, आणि ती चहाचं विचारायच्या आत म्हणाले, "तुळसाबाई, आधी पाणी द्या थंडगार."

तिनं माठातून लोटा भरून दिला. त्यांनी तोंड लावून अर्धा लोटा रिकामा केला. मग शर्टाच्या बाहीनं ओठ पुसत नागसेनला म्हणाले, "हेल्परगिरी करशीन काय तिथं? मोटार भरण्यात तुह्यासारखा हात माह्याजवळ दुसरा नाही. सीझन डोक्यावर आला, अन् आता तू चालला? वर्ष भरलं की पगारावर घेतो. तुही जागा पक्की समज."

ते गेल्यावर नागसेन म्हणाला, "माय, ते सरकारी काम आहे. मी एकदा जाऊन तर येतो."

"ज्यानं आपल्या लोट्यानं पाणी पेलं, त्याले नाही म्हणशीन?"

"तो पाणी पेला म्हून मी नोकरी सोडू?"

"तो जबान देऊन गेला लेका. लोकं आपली सावली पडू देत नव्हते. हा माणूस घरी येऊन बसला. असा माणूस दगा नाही देत."

नागसेननं कॉलचा कागद घडी करून ठेवून दिला. बोलला असता तर बरं झालं असतं. भांडला असता तर आणखी बरं. पण पोरगा आईचा शब्द मोडणारा नव्हता. मंगळवारी तो नेहमीसारखा चार पुडांचा डबा घेऊन कामठी रोडला गेला.

पुढचे महिने त्याचे कसे गेले ते त्याच्या हातांना विचारावं. पत्र्यानं बोटं कापलेली, उन्हानं पाठ सोललेली. दुपारच्या उन्हात शिडीवर चढून लोकांच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीत कूलर बसवायचे, आणि घरी टिनाखाली पंख्याविना झोपायचं. गणपतराव पाठीवर थाप मारायचे. डबा रोज रिकामा परत यायचा, तो घासताना तुळसाबाईला समाधान वाटायचं.

पुन्हा बुद्ध जयंती आली आणि वर्ष भरलं. गणपतराव म्हणाले, "चार दिवस घरी आराम कर. सरकारचा कागद येऊ दे, मंग पगारावर घेतो. मी निरोप धाडतो."

निरोप काही आला नाही. चार दिवसांचे दोन आठवडे झाले. मधे नागसेन एक्स्चेंजमध्ये जाऊन आला. तिथल्या कारकुनानं सांगितलं, आलेला कॉल तू सोडला, आता लवकर पुढचा येईल असं धरून बसू नको. हे त्यानं आईला सांगितलं, पण 'तुझ्यामुळं' असं काही म्हटलं नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. त्यानं एकदा तरी तोंडावर बोलावं म्हणून तुळसाबाई उगाच त्याच्याभोवती घुटमळायची, आणि तो बोलायचा नाही.

शेवटी नवतप्याचं कडक ऊन तापत असताना एका सकाळी तिनं पाटोडी केली. माणूस आजारी असेल, घरी काही झालं असेल, असं ती स्वतःला सांगत होती. चार पुडांचा डबा भरला, डोक्यावर पदर घेतला आणि पायीच निघाली. रस्त्यावरचं डांबर पायताणाला चिकटत होतं. कामठी रोडला पोचेपर्यंत तिच्या जिभेला कोरड पडली होती.

कडुनिंबाखाली गणपतराव मांडी घालून बसले होते. आजारी वगैरे काही दिसत नव्हते. त्यांच्यासमोर एक नवाच पोरगा बसला होता, इस्त्रीचा शर्ट घातलेला, वीस-एकवीसचा. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं बाबासाहेबांचं लॉकेट. दोघांच्या मधे उघडा डबा. गणपतराव त्यातली भाकर मोडत होते.

"मी मालक-नोकर काही मानत नाही गा," ते म्हणत होते. "एका डब्यात जेवलो, आता तू माह्या घरचा."

पोराचा चेहरा उजळला होता. "भाऊ, मायले सांगतो," तो म्हणाला. "माय उद्यापासून दोघांचाच डबा देईन."

 तुळसाबाई शेडच्या सावलीत तशीच उभी राहिली. म्हणजे या माणसाला सगळं माहीत होतं. कोणत्या घरात काय उपाशी आहे हे त्याला नेमकं माहीत होतं, आणि तेवढंच तो पुरवत होता. भाकरीच्या तुकड्यावर वर्षभराचा माणूस. आणि आपण मोठ्या मनानं पाटोडी थापत बसलो! तिला रडू आलं नाही, लाज आली. मग राग आला.

गणपतरावांनी मान वर केली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "या या, तुळसाबाई! एवढ्या उन्हाच्या? बसा, दोन घास खा."

"भाऊ, नागसेनचं काय केलं?"

"काय करणार? सरकारनं नवा पोरगा धाडला, कन्हानचा. योजना वर्षाचीच असते ना. सरकार फुकटात पोरगा देऊन राहिलं, तर मी घरचा पगार कसा लावू? तुम्हीच सांगा."

"पक्की जागा म्हटली होती तुम्ही. माह्या घरी बसून. त्याची सरकारी नोकरी गेली तुमच्या शब्दावर."

"बोलता बोलता माणूस बोलून जाते, बाई. मनाले लावून घेऊ नका." ते उठले, माठातून लोटा भरला आणि तिच्यापुढं धरला. "लाल झाल्या पुऱ्या उन्हानं. पाणी तर प्या."

पाणी थंड होतं. लोट्याच्या बाहेरून थेंब ओघळत होते आणि तुळसाबाईला तहान तर अशी लागली होती, की नजर लोट्यावरून हलेना. कन्हानचा पोरगा हातातला घास तसाच धरून दोघांकडे बघत होता.

"नाही," तुळसाबाई म्हणाली. "तुमच्या हातचं मले चालत नाही."

गणपतराव क्षणभर हसले. मग त्यांना आपण काय ऐकलं ते कळलं, आणि हसू गेलं. त्यांच्या सात पिढ्यांनी हे वाक्य दुसऱ्यांना ऐकवलं होतं. त्यांना ते कुणी ऐकवलेलं नव्हतं. लोटा हातात तसाच राहिला.

तुळसाबाई पोराकडे वळली. "बाबू, मायले सांग, डबा एकट्याचाच दे. अन् एक्स्चेंजमधून कॉल आला तर कोणाले विचारत बसू नको. मायलेही नाही. सरळ जाय."

ती डबा घेऊन निघाली. पुढच्या चौकात महापालिकेचा नळ होता. तिनं डबा खाली ठेवला, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि पोटभर पाणी प्याली. मग डबा उचलून ती इंदोऱ्याच्या रस्त्याला लागली. पाटोडी अजून कोमट होती. ती नागसेनच्या ताटात वाढायची होती, आणि वाढताना त्याला काय सांगायचं, ते तिला घर आलं तरी सुचलं नाही.