घटोत्कचाचा निळा घाम

कुळगावच्या मैदानात ताडपत्रीच्या मांडवाखाली एक हाड उभं होतं. माणसापेक्षा हातभर उंच, दोन्ही टोकांना फुगलेलं, वरच्या टोकाला हार घातलेलं आणि चक्क घामाघूम. निळसर थेंब ओघळून खालच्या परातीत पडत होते आणि रांगेतली माणसं ते तीर्थ म्हणून पीत होती.

"घटोत्कच की जांघ है," हाडाशेजारी बसलेले बाबा सांगत होते. "बारवीच्या डोंगरात निघाली. तुमचा रोग ओढून घेते, म्हणून घाम निळा."

रोग ओढून घेतलेलं पाणी पुन्हा रोग्यालाच का पाजायचं? आपल्याकडे हा प्रश्न चपलांबरोबर मांडवाबाहेरच राहतो. रांग मात्र रस्त्यापर्यंत गेली होती.

मी भीमराव मास्तरांबरोबर गेलो होतो. आम्ही एकाच शाळेत. ते विज्ञान शिकवतात, मी चित्रकला. मास्तर आले होते ते ठमीला शोधायला. डोंगरातल्या वाडीवरची ही सातवीतली पोर. तिला फेफरं येई. मास्तरांनीच तिला उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं आणि गोळ्या सुरू झाल्यापासून वर्षभर फिट आली नव्हती. आता आठवडाभर ती शाळेत दिसली नव्हती.

रांगेत ती आईला, भिकीला, टेकून उभी होती. कपाळावर ताजी खोक होती.

"भिकीताई, गोळी देताय ना?" मास्तरांनी विचारलं.

"बाबानी सांगलंय, गोळी नि तीर्थ एका पोटात नाय रहात," भिकी खाली बघत म्हणाली. "रोज पाजलंय. तरी काल चुलीपाशी पडली."

माझं डोकं सणकलं. मास्तर मात्र हाडाकडे टक लावून बघत होते. मग हळूच म्हणाले, "अहो, हे आपलं आहे."

होतं खरं. खालच्या टोकाची भेग मीच बुजवली होती. दोन वर्षांपूर्वी विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही ते केलं होतं: जगातल्या सर्वांत मोठ्या डायनोसॉरच्या मांडीचं हाड. मास्तर पोरांना त्याच्याशेजारी उभं करून सांगत, "दहा-बारा हत्तींच्या वजनाचा प्राणी, आणि खायचा फक्त पाला." पुढे शाळेत जागा उरली नाही आणि हाड भंगारात गेलं. शहाणं करायला केलेली वस्तू फसवायला उभी राहिली होती.

तेवढ्यात ठमी ताठ झाली आणि कोसळली. हातपाय झटकू लागले, तोंडाला फेस आला. मास्तरांनी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपली पिशवी सरकवली. बाबा परात घेऊन धावले.

"पाणी घालू नका, गुदमरेल ती," मास्तरांनी परात बाजूला सारली. झटके थांबेपर्यंत ते तिच्यापाशी बसले. मग तिला माझ्याकडे सोपवून उठले आणि गर्दीला म्हणाले, "हे हाड फोडण्याआधी सांगतो, आत काय आहे ते. बांबू, कोंबड्यांची जाळी आणि उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या कारखान्यातली जीन्सची कात्रणं. वरून प्लास्टर. खोटं निघालं तर उद्यापासून बाबांची चाकरी करीन."

"हात लगाया तो भस्म हो जाओगे," बाबा म्हणाले. पण आवाज बसला होता.

भिकीनं कमरेचा कोयता काढून मास्तरांच्या हातात दिला.

दोन-तीन घावांत प्लास्टर फुटलं. ओलीगच्च निळी कात्रणं भसाभस बाहेर आली. वर हारांखाली भोक होतं. सकाळी त्यातून पाणी ओतायचं, चिंध्या ते धरून ठेवायच्या आणि दिवसभर ते प्लास्टरमधून झिरपायचं. नवी जीन्स भिजवली की बादली निळी होते, हे मांडवातल्या बहुतेक बायकांना ठाऊक होतं. बाबा मागच्या मागे पसार झाले होते.

"खरं हाड कोट्यवधी वर्षं जमिनीत राहून दगड झालेलं असतं," मास्तर सांगत होते. "ते दहा जणांना हलत नाही. हे टेम्पोतून दोघांनी उतरवलं, असं रांगेत तुम्हीच सांगत होतात ना?"

ऐकत होतं कोण? लोक चिंध्यांवर तुटून पडले होते. एक म्हातारी मनगटाला चिंधी बांधत म्हणाली, "बाबा खोटा असंल मास्तर, पण घाम खरा व्हता."

भिकीनंही एक चिंधी उचलली. तिनं ती पिळली, ठमीच्या तोंडावरचा फेस पुसला आणि चिंधी परातीत टाकली. मग पदराची गाठ सोडली. आत गोळ्यांची पट्टी होती. बाबांनी फेकायला सांगूनही तिनं ती फेकली नव्हती.

"आता देऊ?"

"नीट शुद्धीवर येऊ दे," मास्तर म्हणाले. "मग रोज, न चुकता."

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या गावात एखादी वस्तू घाम गाळू लागली, तर हात जोडण्याआधी तिच्यावरचे हार बाजूला करून बघा. आणि कोणी काही सांगो, घरातल्या लेकराचं औषध बंद करू नका.