पुंजाजीची परकी बाई

मंजुषाताईंनी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एम.ए. मानसशास्त्राला नाव घातलं, तेव्हा अमरावतीतली त्यांची अख्खी गल्ली दोन गटांत विभागली. ‘आता काय कामाचं हे?’ म्हणणारे एका बाजूला आणि ‘मंग आता आमच्या मनातलं वळखता काय?’ असं विचारणारे दुसऱ्या बाजूला. दुसऱ्यांचा ताप जास्त. खूश होते ते एकटे त्यांचे यजमान, चंद्रभानराव. त्यांचं फुलांचं दुकान. बायको हार गुंफता गुंफता अर्भकावस्थेपासून प्रौढावस्थेपर्यंत सगळं माणूस तोंडपाठ म्हणते, हे ते गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत. एखाद्यानं पौगंडावस्था म्हणजे काय असं विचारलंच, तर घाईघाईनं झेंडूचा भाव सांगत.

शिकायला लागण्याचं खरं कारण मात्र निराळं होतं. लेक प्रतीक्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तीन महिने बाळ रोज मंजुषाताईंच्या पसरलेल्या पायांवर न्हायलं, धुरीनं शेकलं आणि त्यांच्या कुशीत झोपलं. मग जूनमध्ये जावई रोहित येऊन दोघांना अकोल्याला घेऊन गेला आणि घर खायला उठलं. पाळण्याची दोरी कडीला तशीच लोंबत राहिली. ती काढायला चंद्रभानराव स्टुलावर चढले की बाई खेकसायच्या, “राहू द्या न, तुमचं काय खाऊन राहिली थे?” जुलैत त्यांनी कॉलेजात नाव घातलं. बाळ दूर तर दूर, निदान बाळांविषयी वाचता तरी येईल!

सहा महिने असे गेले. आधी प्रवेश, मग सणावाराची फुलं, मग लग्नसराई. अकोला काही लांब नाही, पण जाणं होईना. फोनवर नातू दिसायचा तो फोन चाटताना.

जानेवारीत किशोर सरांनी प्रात्यक्षिक दिलं. सर वयानं मंजुषाताईंच्या लेकीएवढे, त्यामुळे त्यांना ‘मॅडम’ म्हणताना थोडे अडखळायचे. प्रयोग साधा होता. खोलीत आई आणि बाळ खेळत असतात. एक परकी व्यक्ती येऊन बसते. आई बाहेर जाते, थोड्या वेळानं परत येते. बाळ केव्हा रडतं, कोणाकडे झेपावतं, ते लिहायचं. परकी व्यक्ती मात्र बाळाच्या खरंच अनोळखी हवी.

“सर, मी माझ्या नातवावर करते,” मंजुषाताईंनी सगळ्या वर्गासमोर हात वर केला. “फक्त मला बाजूला बसावं लागेल. मी दिसले की त्याला दुसरं कोणी सुचायचं नाही.”

आता ही बढाई मारायची काही गरज होती का? पण मारली.

नातवाचं बोरन्हाण तोंडावर आलंच होतं. लेकीला न विचारताच त्यांनी परस्पर अकोल्याला फोन केला आणि परकी व्यक्ती ठरवून टाकली. प्रतीक्षाच्या शेजारी आबेदा राहायची, घरी शिवणकाम करणारी तरणीताठी बाई. शेजारीण म्हणजे घरची नव्हे, म्हणजे परकी, असा मंजुषाताईंचा हिशोब. आबेदाही लगेच हो म्हणाली. तिला वाटलं, काहीतरी स्पर्धा आहे.

काळं झबलं, हलव्याचे दागिने, बोरं, मुरमुरे आणि अंगातला सगळा उत्साह घेऊन मंजुषाताई एस.टी.नं अकोल्याला पोचल्या. दार उघडंच होतं. आत सतरंजीवर नातू बसला होता. पाळण्यातलं नाव त्याचं झकास ठेवलेलं, पण टक्कल आणि कपाळावरची आठी बघून रोहितनं त्याला आपल्या आजोबांच्या नावानं ‘पुंजाजी’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. पंचाईत झाली रोहितच्या आईची, पार्बताबाईंची. सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही असं त्यांचं जुनं वळण. त्या दहा महिन्यांच्या नातवाला, सासऱ्याला म्हणायच्या तसंच, सरळ ‘मामाजी’ म्हणायच्या आणि त्यानं लंगोट ओला केला तरी अदबीनं म्हणायच्या, “मामाजी, असं करत असते काय?”

“माझं सोनं ते!” म्हणत मंजुषाताई दोन्ही हात पसरून धावल्या.

पुंजाजीनं वर पाहिलं. ओठ काढला. आणि असं भोकाड पसरलं, की गॅलरीतली कबुतरं उडाली. रांगत, धडपडत तो पार्बताबाईंच्या लुगड्यात शिरला आणि तिथून एक डोळा काढून ह्या बाईकडे पाहत राहिला.

“अवो मामाजी, थे आजी हाय तुमची! अमरावतीची!” पार्बताबाई त्याला थोपटत म्हणाल्या. आवाजात समजूत होती आणि थोडं समाधानही होतं. ते काही लपलं नाही. “वळखत नाई व ईनबाई थो तुमाले.”

“ह्या वयात असं होतंच,” मंजुषाताई हसत म्हणाल्या. “आठव्या-नवव्या महिन्यापासून परक्याची भीती वाटते. उलट चांगली खूण आहे ती. विकास बरोबर चालला म्हणायचा.”

पुस्तकातलं वाक्य न् वाक्य खरं होतं. पण त्या वाक्यातला ‘परका’ आपणच असू, हे काही पुस्तक वाचताना त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. पाय धुवायचं निमित्त करून त्या मोरीत गेल्या, नळ मोठा सोडला आणि पोटभर रडल्या.

बोरन्हाण झोकात झालं. पुंजाजीच्या टकलावरून बोरं, मुरमुरे ओघळले, गल्लीतल्या पोरांनी ते लुटले. हलव्याचा मुकुट त्यानं चाटून अर्धा केला. बसला मात्र पार्बताबाईंच्या मांडीवर. मंजुषाताईंनी दोनदा हात पुढे केला आणि दोनदा कार्यक्रम थांबवावा लागला. शेवटी त्यांनी लांबूनच बोरं टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोग. मंजुषाताई वही-पेन घेऊन कोपऱ्यात बसायला निघाल्या. आबेदा दारातून आत आली मात्र, पुंजाजी सतरंजीवरून किंचाळतच तिच्याकडे सुटला, तिच्या खांद्यावर चढला आणि तिच्या गळ्यातली मोजायची टेप चघळायला लागला.

“हा तुला ओळखतो?” मंजुषाताईंचा आवाज चिरकला.

“वळखते म्हंजे? रोज दुपारी माह्याच मशीनीपाशी झोपते ना आंटी. मशीन बंद केली का उठते शैतान!”

प्रतीक्षानं कपाळाला हात लावला. “आई, तू मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं न.”

“मंग आता परकं कोण आणायचं?” मंजुषाताई म्हणाल्या.

पार्बताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांनी नजर खाली घातली. तेवढ्यानं मंजुषाताईंना कळलं. ह्या घरात पुंजाजीला परकं असं एकच माणूस होतं, आणि ते अमरावतीहून तिकीट काढून आलं होतं.

प्रतीक्षानं पुंजाजीला उतरवून घेतलं. मंजुषाताईंनी वही आबेदाच्या हातात दिली आणि तिला पडद्याआड बसवलं. “तू लिही. मी होते परकी.”

नियम त्यांना पाठ होते. परक्या व्यक्तीनं गप बसायचं. बाळावर झडप घालायची नाही. काल त्यांनी नेमकं तेच केलं होतं. प्रतीक्षा बाहेर गेली. पुंजाजीनं दाराकडे पाहिलं, ह्या बाईकडे पाहिलं आणि सूर लावला. मंजुषाताईंचे हात शिवशिवत होते. उचलून छातीशी धरावं, ‘अरे, ह्याच पायांवर न्हायलास रे तू’ असं ओरडून सांगावं. पण त्यांनी हात आवरले. शेजारचा खुळखुळा घेतला, टॉवेलाखाली लपवला, काढला, पुन्हा लपवला. बाळाकडे पाहिलंच नाही. जणू ह्या वयात हाच त्यांचा खेळ होता.

रडणं ऐकून पार्बताबाई दारात आल्या. एक पाऊल त्यांनी टाकलं असतं, तर मामाजी त्यांच्याकडेच गेले असते. त्यांनी ते टाकलं नाही. उलट भिंतीआड झाल्या आणि पदर तोंडाशी धरून तिथंच थांबल्या.

सूर हळूहळू उतरला. हुंदका, मग नुसता श्वास. पुंजाजी थोडा पुढे रांगला, थांबला, आणखी थोडा आला. मग त्यानं टॉवेल खसकन ओढला. खुळखुळा सापडला! त्यानं विजयानं मंजुषाताईंकडे पाहिलं, त्यांचा चष्मा ओढला आणि गुडघ्याला धरून उभा राहिला.

“आंटी,” आबेदा पडद्याआडून कुजबुजली, “मी लिवून राहिली. पैले रडला, मंग चूप झाला, मंग तुमच्या साडीले नाक पुसलं. नाक लिवू का नको?”

“लिही,” मंजुषाताई म्हणाल्या. चष्मा पुंजाजीच्या हातात होता खरा, पण त्यांना सगळं धूसर दिसत होतं ते काही नंबरामुळे नव्हे.

प्रतीक्षा आत आली तसा तो आईकडे झेपावला, हे तर पुस्तकातही होतं. पण आईच्या कडेवरून तो टॉवेलाकडे वाकून पाहत होता.

“उद्याचं न्हाऊ तुमी घाला,” पार्बताबाई जेवताना म्हणाल्या. “पण मामाजीले पाणी कडक लागते, सांगून ठेवतो.”

दोन दिवसांच्या बोलीनं आलेल्या मंजुषाताई आठवडाभर राहिल्या. रोज न्हाऊ, रोज टॉवेल, रोज खुळखुळा. शेवटी चंद्रभानरावांनी फोन केला, की हार गुंफायला कोणी नाही आणि पाळण्याच्या दोरीला हात लावलेला नाही, आता या. आठव्या दिवशी दाराशी ऑटो उभा राहिला. पार्बताबाईंनी वाटेसाठी शिदोरी बांधून दिली. मंजुषाताईंनी पुंजाजीच्या टकलाचा पापा घेतला, ऑटोत बसल्या आणि हात हलवला.

पुंजाजीनं पार्बताबाईंच्या कडेवरून पाहिलं. ओठ काढला. मग दोन्ही हात ऑटोकडे पसरून असा टाहो फोडला, की आबेदानं शिलाई थांबवून खिडकीतून डोकं काढलं.

मंजुषाताईंचा चेहरा फुलून आला. डोळ्यांतून धारा, आणि तोंडभर हसू.

“पोट्टं रडून राहिलं अन् तुमी हासून काहून राहिल्या व ईनबाई?” पार्बताबाई ओरडल्या.

“रडू द्या!” मंजुषाताई ऑटोतून उतरत म्हणाल्या. “माह्यासाठी रडून राहिला थो!”

“बाई, बस सुटन ना तुमची,” ऑटोवाला म्हणाला.

“सुटू दे बापा,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी हात पसरले. या खेपेला पुंजाजीनंच झडप घातली.